सुगंधाबाईची शून्य मासोळी

खैरटोल्याच्या तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, सकाळी उभं राहावं आणि डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या कुठल्याही बाईला विचारावं, "काय भेटलं, बाई?" ती म्हणणार, "काई नाई." टोपलीतलं पाणी तिच्या कानामागून गळत असेल, पळसाच्या पानांखाली मरळ शेपटी आपटत असेल, तरी ती म्हणणार, "काई नाई." आणि विचारणारा गावातलाच असेल तर त्याला त्यातून सगळं कळतं. "काई नाई" हसून म्हटलं तर टोपली भरलेली. सरळ म्हटलं तर अर्धी. बाई काही न बोलता पुढे गेली, तर मात्र खरंच काही नाही. मासेमार ढिवरांच्या या वस्तीत पाण्यातून निघालेली मासोळी बाजारात बसेपर्यंत तोंडाने सांगायची नसते, आणि पाळीवर मोजायची तर मुळीच नसते. मोजलेलं तलावाला ऐकू जातं आणि मग तो हात आखडता घेतो, अशी तिथली समजूत आहे.

सुगंधाबाई या गावात सून म्हणून आली तेव्हा अठराची होती. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं, तेही ढिवराचंच. पण नदीकाठच्या माणसांना मोठ्याने बोलायची सवय, आणि त्यांच्याकडे हा नियम नव्हता. पहिल्याच महिन्यात पाळीवर एका म्हातारीने विचारलं, "काय भेटलं वो, नवरी?" आणि ही खुशीत म्हणाली, "लय भेटली जी, दोन मरळी तं हाताएवढ्या!" मागून सासू येत होती, इंदिराबाई. तिने टोपली तिथेच खाली ठेवली, सुनेचा दंड धरला, तिला गुडघाभर पाण्यात नेलं आणि तलावाच्याच पाण्याने तीन चुळा भरायला लावल्या. शिवी नाही, मार नाही. "तोंड धुऊन टाक," एवढंच म्हणाली, "आयकलं नसन त्यानं अजून." त्या गढूळ पाण्याची चव सुगंधाबाईला चाळीस वर्षं झाली तरी आठवते. त्यानंतर तिने पाळीवर कधी खरं सांगितलं नाही. ती खोटं बोलली असंही कोणी म्हणणार नाही, कारण ते खोटं असतं हे त्या गावात कोणाच्या डोक्यातच येत नाही.

बाजारात मात्र तिचं तोंड मोकळं सुटायचं. बेलपाळचा आठवडी बाजार खैरटोल्यापासून दीड कोसावर. तिथे चिंचेखाली मासोळीवाल्या बायकांची रांग बसे. रांगेतली तिसरी जागा इंदिराबाईची, ती गेल्यावर सुगंधाबाईची. पाटी नाही, कागद नाही, पण तिला यायला उशीर झाला तरी त्या जागेवर दुसरी कोणी बसत नसे. तलावातली रोहू-कतला मच्छीमार संस्थेची, ती ठेकेदार गाडीत भरून नेतो. मरळ, वाम, झिंगे आणि बारीक मासोळी घरोघरची. ती पानावर वाटे लावून विकायची, तराजू नाही, डोळ्याचा अंदाज. "घे वो, तुह्या घरी बाळंतीण आहे ना, मरळ तिच्यासाठीच ठेवून राह्यली मी," असं म्हणत ती पानाखालून मरळ काढे. कोणाच्या घरी काय शिजतं हे तिला तोंडपाठ होतं. या गावची मासोळी या गावच्या चुलीवर, मधे कोणी नाही. आता याला सरकारी भाषेत स्थानिक विक्री म्हणतात, हे तिला पुढे कळलं. तिची सासू मेली ती हे न कळताच.

तिला एकाच गोष्टीची आस होती, ती म्हणजे नळ. मासोळीला घटकेघटकेला पाणी मारावं लागतं. चिंचेखाली पाणी नव्हतं. रस्त्यापलीकडे हापशी होती, तिथून ती दर बाजारी पाच-सहा वेळा डबे भरून आणायची. पन्नाशीनंतर गुडघ्यांनी ते काम नाकारायला सुरुवात केली. आणि दुसरं असं, की मुलगा सूरजागडच्या खाणीकडे ट्रकवर गेल्यापासून त्याची बायको, नीलिमा, तिच्यासोबत बाजारात बसू लागली होती. नीलिमा बारावी शिकलेली. जमिनीवर गोणपाटावर बसून ती मासोळी विकते आणि शाळेतल्या मैत्रिणी समोरून जातात, तेव्हा ती पदर पुढे ओढते, हे सासूच्या नजरेतून सुटलं नव्हतं. सुगंधाबाईला वाटायचं, या पोरीला उंच ओटा मिळावा, ओट्याला नळ असावा, आणि तिने मान वर करून मासोळी विकावी. देवाजवळ काही मागायची वेळ आली की ती एवढंच मागायची.

आणि देवाने ऐकलं म्हणा, योजना आली. "गावचा माल, गावचा बाजार" असं तिचं नाव. शेतकऱ्यांनी आणि खाण्याचा माल करणाऱ्यांनी आपला माल दूर न पाठवता जवळच विकावा, यासाठी सरकार अनुदान देणार. बेलपाळच्या बाजारात विक्री केंद्र बांधणार, वर पत्रा, खाली फरशीचे ओटे, ओट्याला नळ, शिवाय बर्फाची पेटी. सभेत हे सांगितलं तेव्हा सुगंधाबाईने शेजारणीचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडली. केंद्र बांधायचं होतं ते नेमकं चिंचेच्या जागेवर. चिंच तोडावी लागणार होती, पण जिथे नळ येतोय तिथे सावलीचं काय घेऊन बसायचं! ज्याच्या नावावर ओटा निघेल तो आत बसेल. बाकी कोणी बाजाराच्या आवारात मासोळी घेऊन बसायचं नाही, कारण घाण होते. हे शेवटचं वाक्य माईकवरून जरा घाईत सांगितलं गेलं. खैरटोल्याच्या बायकांना वाटलं, ते दुसऱ्या कोणाबद्दल आहे.

ओटे कोणाला द्यायचे हे ठरवायला पाहणी होणार होती. पाहणीला आला भूपेश नावाचा पोरगा. कंत्राटी नोकरी, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि दिवसाला चाळीस घरं संपवायची. वाईट नव्हता. घरी बसून फॉर्म भरले असते तरी कोणी विचारलं नसतं, पण माल जिथे निघतो तिथे जाऊन फोटो काढा असा नियम होता आणि त्याने तो पाळला. त्याने नियम पाळला आणि खैरटोल्याच्या तेवीस घरांचं वाटोळं झालं. हा राग कोणावर काढायचा तेच आजवर ठरलेलं नाही.

सकाळी आठला तो पाळीवर उभा होता. दादाजी, सुगंधाबाईचा नवरा, खाली जाळं झटकत होता. ती टोपली घेऊन वर आली.

"मावशी, आज किती मासे मिळाले?"

"काई नाई."

"काहीच नाही? आणि काल?"

"काल बी काई नाई, बापू."

"बरं, साधारण रोज किती किलो निघतात?"

किलो! हा मोजायला सांगतोय, आणि तेही पाळीवर, पाण्यापासून दहा पावलांवर.  सुगंधाबाईच्या मागे चार बायका उभ्या होत्या, खाली नवरा होता, आणि तलाव तर होताच. "रोज कायची भेटते जी," ती म्हणाली आणि तोंडभर हसली. खैरटोल्यातल्या लेकरालाही त्या हसण्यावरून टोपलीचं वजन सांगता आलं असतं. भूपेशच्या मोबाईलमध्ये हसण्याचा रकाना नव्हता. टोपलीतलं पाणी टपटप त्याच्या बुटावर पडत होतं. त्याने पाय मागे घेतला, तिचा टोपलीसकट फोटो काढला आणि पुढच्या बाईला विचारलं. तिनेही तेच सांगितलं. तेवीसच्या तेवीस घरांनी तेच सांगितलं, आणि त्यातल्या एकालाही आपण काही चुकतोय असं वाटलं नाही.

उलट सुगंधाबाई त्या दिवशी खूश होती. तिने भूपेशला घरी नेलं, चहा पाजला. निघताना पाहुणा रिकाम्या हाताने कसा जाईल, म्हणून पळसाच्या पानात बांधून दोन मरळी दिल्या. देताना तोंडाने काही बोलली नाही, देणं म्हणजे सांगणं नव्हे. त्याने "कशाला मावशी, कशाला" म्हणत त्या गाडीच्या डिक्कीत ठेवल्या आणि गेला.

तीन महिन्यांनी यादी लागली. नीलिमाने ती मोबाईलवर उघडली आणि दोनदा खालीवर सरकवली. सुगंधाबाईने चूल फुंकणं थांबवलं.

"काय झालं वो? नाव नाई का आपलं?"

"नाव आहे, आई. नावापुढं लिवलं आहे, रोजचं उत्पादन शून्य, अपात्र." नीलिमाने मोबाईल खाली ठेवला. "गावातल्या समद्याईचं शून्यच आहे."

"शून्य कसं लिवलं त्यानं? डोळे फुटले होते का त्याचे?"

"तुमीच सांगतलं ना, आई. मी मांगं उभी होती." आणि मग नीलिमा म्हणाली, "मले विचारलं असतं तं मी बी तेच सांगतलं असतं."

चुलीवरचा भात करपला, त्याचा वास शेजारपर्यंत गेला.

यादीत मासोळीचे चार ओटे होते आणि चारही एकाच घरात गेले होते. निकेशच्या, त्याच्या भावाच्या, वहिनीच्या आणि बायकोच्या नावावर. निकेश बेलपाळचाच. त्याची मासोळी मात्र बाहेरून यायची, तेलंगणाकडच्या शेततळ्यांतली, थर्माकोलच्या डब्यांत बर्फ घालून, पहाटेच्या गाडीने. भूपेशने विचारलं तेव्हा निकेशने छातीठोक सांगितलं होतं, रोज दोन क्विंटल. डबे दाखवले, वजनकाटा दाखवला, पावत्या दाखवल्या. गावचा माल म्हणजे काय, हे ठरवायला फॉर्मात एकच रकाना होता, विकणाऱ्याचा पत्ता. पत्ता बेलपाळचा होता. मासोळीला कोणी पत्ता विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई नीलिमाला घेऊन योजनेच्या कार्यालयात गेली. तिथे टेबलामागे लटारूभाऊ बसला होता, आणि त्याला बघून तिच्या जिवात जीव आला. लटारूभाऊ म्हणजे तिचं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. दर बाजारी मरळ, ती नसली तर झिंगे, आणि पावसाळ्यात वाम. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर तिने घरपोच मरळ दिली होती.

"लटारूभाऊ, हे पाहा जी काय लिवलं. आमी शून्य?"

त्याने चष्मा लावला, संगणकात तिचं नाव काढलं. पडद्यावर तिचा फोटो आला. डोक्यावर टोपली, टोपलीवर पळसाची पानं, आणि पानांतून बाहेर आलेली मरळीची चांगली वीतभर शेपटी. फोटोखाली लिहिलं होतं, रोजचं उत्पादन शून्य किलो.

"शेपटी दिसून राह्यली ना जी!" सुगंधाबाई जवळजवळ ओरडली. "हे पाहा, हे काय आहे?"

"दिसते, बाई. मले का दिसत नाई? पण फोटो ओळखीसाठी राह्यते. आकडा तुमी सांगतला थोच धरतात."

"तुमी तं खाल्ली ना माह्या हातची मासोळी! पंधरा वर्सं! तुमी लिवा ना एक ओळ."

लटारूभाऊने आजूबाजूला पाहिलं. बाजूच्या टेबलावरचा माणूस कान देऊन ऐकत होता. "माह्या खाण्याचा पुरावा कुठी जोडू, बाई?" तो हळू आवाजात म्हणाला. "पावती पाह्यजे. तुमी वाटे विकता, वाट्याले पावती नाई." मग अपराधी चेहऱ्याने त्याने पुढचा रस्ता सांगितला. अर्ज द्या. फेरपाहणी होईल. कधी होईल सांगता येत नाही, पण जागेवरचा फोटो लागतो, म्हणून माणूस पाळीवरच येणार. "त्या टायमाले खरं सांगजो. किलोत सांगजो. तेवीसपैकी एकीनं जरी नीट सांगतलं ना, तं समद्याईची फाइल उघडते."

अर्ज नीलिमाने तिथेच बसून लिहिला. दोघी उठल्या तेव्हा लटारूभाऊने मागून विचारलं, "बाजाराच्या दिवशी मरळ आणसान ना, बाई?" माणसाला लाज कुठे असते आणि कुठे नसते याचा काही भरवसा नाही. सुगंधाबाईने मान हलवली, आणि बाजाराच्या दिवशी मरळ नेलीही.

त्या संध्याकाळी तेवीस घरच्या बायका समाजमंदिराच्या ओसरीवर जमल्या. एकीने तरी पाळीवर खरं सांगावं लागेल, हे सगळ्यांना पटलं. पण ती एक कोण, म्हटल्यावर सगळ्या आपापल्या पायाच्या बोटांकडे बघू लागल्या. कोणी म्हणाली, माझ्या घरी लेकरू आजारी. कोणी म्हणाली, आमचं जाळं नवीन, आताच असं नको. बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. वाटो. ज्यांचं पोट पाण्यावर आहे आणि त्या पाण्यात काय आहे हे ज्यांना दिसत नाही, त्यांना काही गोष्टी सांभाळाव्याच लागतात.  सुगंधाबाईने घरी येऊन नवऱ्याला विचारलं.

दादाजी कमी बोलणारा माणूस. जाळ्याची गाठ मारत तो म्हणाला, "सांगाचं असन तं सांग. ओटा तुमाले पाह्यजे, मले का समजत नाई? पण मंग माह्यावर रागवू नोको, मी जाळं खुंटीलेच ठेवीन."

"एका सांगण्यानं तलाव आटते काय जी?"

"मले का मालूम? कोणं सांगून पाह्यलं आहे आजवर?"



चिंच तुटली. केंद्र उभं राहिलं. उद्घाटनाला मांडव पडला, हार आले, भाषणात दहा वेळा गावचा शेतकरी आणि गावचा मच्छीमार आला. खैरटोल्याच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांना बुंदीची पुडी मिळाली. दुसऱ्या बाजारापासून त्यांना आवारात बसू दिलं नाही. सुगंधाबाई फाटकाबाहेर बसली, रस्त्याच्या कडेला, नालीच्या अलीकडे. चिंच नाही म्हणून ऊन थेट डोक्यावर. आणि ज्याची आयुष्यभर आस धरली तो नळ तिला जाळीतून समोर दिसत असे. निकेशचा माणूस तो सोडूनच ठेवायचा. बर्फाचं आणि मासोळी धुतलेलं पाणी ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून फाटकाखालून, आणि तिथून थेट सुगंधाबाईच्या गोणपाटाखाली यायचं. ती गोणपाट सरकवायची, पाणी पुन्हा यायचं. नळाचं पाणी तिच्यापर्यंत पोचलं ते असं.

गिऱ्हाईकंही आत जाऊ लागली. आत पंखा होता, मासोळी स्वस्त होती, कापून मिळायची. जुनी माणसं येत आणि तिच्यासमोर उभं राहायला अवघडल्यासारखी घाईने वाटा उचलत. मरळ दुपारपर्यंत पडून राहू लागली. एका बाजारी नीलिमाच्या शाळेतली मैत्रीण आतून पिशवी घेऊन बाहेर आली, आणि नीलिमाने पदर इतका खाली ओढला की तिचं तोंडच दिसेना.  त्या दिवशी परत जाताना सुगंधाबाईने वाटेत ठरवून टाकलं, पाळीवर आपणच खरं सांगायचं.

पण ठरवणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. फेरपाहणीचा माणूस कधी येईल कोणाला ठाऊक. ती रोज पाळ चढताना समोर बघायची. शर्टपँटवाला कोणी दिसला की ती पावलं आखूड टाकायची, आणि तो विजेच्या मीटरवाला किंवा कोणाचा जावई निघाला की भराभर चालू लागायची. घरात भांडी घासताना ती पुटपुटून बघायची, "मरळ तीन, झिंगे दोन किलो." आणि पुटपुटतानाही हात तोंडावर जायचा. असे चार महिने गेले. उन्हाळा येऊन गेला, तलावात नवं पाणी चढलं.

श्रावणातली सकाळ होती. टोपली त्या दिवशी खरंच भरलेली होती, नीलिमाने दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर चढवून दिली. पाळीच्या टोकाला मोटारसायकल उभी होती आणि गाडीजवळ एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत फाइल. तो तिच्याकडेच बघत होता. ती जवळ आली तसा तो म्हणाला, "काय मावशी, काय मिळालं आज?"

सुगंधाबाई थांबली. मागे बायका थांबल्या. तिने दोन्ही हातांनी टोपली डोक्यावरून उतरवली, जमिनीवर ठेवली आणि पानं बाजूला केली. मागून कोणीतरी "बाई, नोको" म्हणालं. तिने ऐकलं नाही.

"मरळ तीन," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "एक दीड किलोची, दोन किलो-किलोच्या. वाम चार. झिंगे दोन किलो. बारीक मासोळी तीन किलो. काल बी इतकीच होती. परवा जास्त होती. पावसाळ्यात रोज नऊ-दहा किलो, उनाळ्यात तीन-चार. बारा महिने भेटते. चाळीस वर्सांपासून भेटून राह्यली. लिवा जी. लिवून घ्या. सुगंधाबाई दादाजी, खैरटोला."

माणूस गोंधळून हसला. "अरे वा! पण लिहून कशाला घेऊ, मावशी? मी बेलपाळच्या शाळेत नवीन आलोय, मास्तर. मुलांची नावं घ्यायला फिरतोय. ताजी दिसली म्हणून विचारलं." त्याने टोपलीत वाकून पाहिलं. "अर्धा किलो झिंगे द्याल का?"

 खाली दादाजीने जाळं आवरणं थांबवलं होतं आणि तो पाण्यात उभा राहून वर बघत होता. सुगंधाबाईने पळसाचं पान घेतलं, झिंगे बांधले, मास्तरच्या हातात दिले. पैसे किती द्यायचे त्याने विचारलं, तिने हाताने राहू द्या अशी खूण केली. तो खुशीत गेला. मग ती टोपली तिथेच ठेवून पाळीवरून खाली उतरली. साडी न खोचता गुडघाभर पाण्यात शिरली, वाकली आणि तीन चुळा भरल्या. या वेळी दंड धरणारं कोणी नव्हतं. दादाजी दहा हातांवर उभा होता, त्याने तोंड फिरवलं. रागाने नव्हे, त्याला बघवेना.

पंधरा दिवसांनी नीलिमाने मोबाईलवर अर्ज पाहिला. त्यात लिहिलं होतं, फेरपाहणी पूर्ण, स्थिती कायम. तारीख वैशाखातली होती. वैशाखात पाळीवर कोणी आलं नव्हतं. जुन्याच आकड्यावर कोणीतरी कार्यालयात बसून खूण केली होती, आणि सुगंधाबाई पुढे तीन महिने त्या माणसाची वाट बघत पाळ चढत राहिली होती. नीलिमाने तिला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, "म्हंजे मी सांगतलं त्याच्या पयलेच?" नीलिमा "हो" म्हणाली. सुगंधाबाईने तांदूळ निवडायला घेतले.

तलाव आटला नाही. दादाजीचं जाळं आठवडाभर खुंटीला होतं, मग पोट ऐकेना म्हणून तो पाण्यात उतरला. मासोळी पूर्वीसारखीच निघते, कधी भरून, कधी थोडी. सुगंधाबाई अजून फाटकाबाहेर बसते, गोणपाटाखाली अजून ते पाणी येतं. गावात तिला कोणी टाकून बोललं नाही. ती आपल्या सगळ्यांसाठी बोलली हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त एक झालं. पाळीवर बायका एकमेकींना विचारतात, "काय भेटलं, बाई?" आणि "काई नाई" म्हणून हसतात. सुगंधाबाई टोपली घेऊन आली की त्या बाजूला होऊन वाट देतात, चहा झाला का विचारतात, गुडघा कसा आहे विचारतात. काय भेटलं, हे तिला आता कोणी विचारत नाही.